खेळण्यांतील व अलंकारांतील विषारी धातू

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहिली-दुसरीच्या वर्गात पाहावे, तर कोणाच्या गळ्यात चकचकीत मण्यांची माळ, कोणाच्या बोटात लाल खड्याची अंगठी, तर कोणाच्या दप्तरात पत्र्याची शिट्टी असते. पाठ सुरू होतो. थोड्याच वेळात माळेचे पदक दातांखाली जाते आणि शिट्टीचा रंग ओठांना लागतो. शिक्षक “तोंडातले काढ” असे म्हणतात व पुढे शिकवू लागतात. त्या वेळी त्यांच्या मनात असते ती वस्तू घशात अडकण्याची भीती. ती भीती रास्त आहे. परंतु अशा वस्तूंत दुसराही एक धोका असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याचा परिणाम त्या दिवशी न दिसता पुढे कित्येक वर्षे मुलाच्या अभ्यासात दिसत राहतो. हा धोका म्हणजे शिसे, कॅडमियम यांसारख्या विषारी धातूंचा होय. प्राथमिक शिक्षकांना त्याची नीट ओळख असणे अगत्याचे आहे.

हे धातू खेळण्यांत का येतात?

शिसे हा मऊ, जड व स्वस्त धातू. तो ३२७ अंश सेल्सियसला वितळतो. एवढी उष्णता साध्या भट्टीतही मिळते, आणि वितळलेले शिसे साच्यात ओतले की नक्षीचे बारकावे स्वच्छ उमटतात. म्हणून स्वस्त पदके, अंगठ्या व साखळ्या ओतण्यासाठी त्याचा उपयोग होत आला आहे. वरून चकचकीत मुलामा दिला, की आत काय आहे ते ग्राहकाला समजत नाही.

शिशाचा दुसरा उपयोग रंगात होतो. पिवळ्या व नारिंगी रंगांतील लेड क्रोमेट आणि शेंदरी रंगातील शिशाचे ऑक्साइड यांमुळे रंग तेजस्वी व टिकाऊ होतो. शिशाची काही संयुगे रंग लवकर वाळावा म्हणूनही घालतात. तिसरा उपयोग प्लॅस्टिकमध्ये होतो. विशिष्ट प्रकारचे मऊ प्लॅस्टिक उष्णतेने व उन्हाने खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळण्याची पद्धत होती. असे प्लॅस्टिक जुने झाले की त्याच्या पृष्ठभागावर शिसेयुक्त बारीक भुकटी येऊ शकते.

कॅडमियम हा शिशासारखाच सहज वितळणारा धातू. तो ३२१ अंशांना वितळतो. त्याचेही पिवळे व लाल रंग होतात. तो मूत्रपिंडांत साठतो व हाडे दुबळी करतो. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणींच्या सांडपाण्यातून भातशेतीत कॅडमियम उतरले आणि तेथील लोकांना हाडांचा अत्यंत वेदनादायक रोग जडला. १९६८ साली जपान सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. यांखेरीज पारा, आर्सेनिक, अँटिमनी, बेरियम, क्रोमियम व सेलेनियम हेही खेळण्यांच्या तपासणीत पाहिले जातात. तथापि मुलांच्या दृष्टीने सर्वांत जास्त अपाय शिशाने केला आहे. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः शिशाविषयीच आहे.

मुलांनाच अधिक अपाय का होतो?

याची कारणे तीन. पहिले कारण मुलाच्या सवयीत आहे. लहान मूल वस्तूची ओळख तोंडाने करून घेते. जमिनीवरची धूळ, हाताला लागलेला रंग, चघळलेले पदक, सारे पोटात जाते. दुसरे कारण शरीराच्या वाढीत आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढा भाग शोषून घेते, त्याच्या चार ते पाचपट भाग लहान मुलाचे शरीर शोषून घेऊ शकते. शरीराला शिसे व कॅल्शियम यांतील भेद नीट करता येत नाही. हाडांसाठी कॅल्शियम हवे असलेले वाढते शरीर शिशालाही थारा देते. ज्या मुलाच्या आहारात लोह व कॅल्शियम कमी, त्याच्या शरीरात शिसे अधिक शिरते. म्हणजे गरीब घरातील अर्धपोटी मुलावर हे विष अधिक चालते.

तिसरे कारण मेंदूचे आहे. बालवयात मेंदूची घडण चालू असते आणि शिसे नेमके तेथेच व्यत्यय आणते. रक्तातील शिसे सुमारे महिनाभरात निम्मे होते खरे, परंतु त्यातील बराच भाग हाडांत जाऊन बसतो व तेथे अनेक वर्षे राहतो. हाडांतील हे शिसे पुढे गरोदरपणी आईच्या रक्तात उतरून गर्भापर्यंतही पोहोचते. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. त्या संघटनेच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास ते कोठून येते याचा शोध घेऊन तो उगम बंद करावयास हवा. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात एवढे वा याहून अधिक शिसे असावे, आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील असावीत, असा अंदाज दिला आहे. यातील फार मोठा भाग जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचे धंदे, भेसळीचे मसाले, रंग, मातीच्या भांड्यांवरील झिलई अशा अनेक कारणांमुळे आहे. खेळणी व अलंकार हे त्यांतील एक कारण. पण ते प्रत्यक्ष मुलाच्या हातातले कारण आहे, आणि शिक्षकांच्या डोळ्यांसमोर येणारे आहे.

दोन पदकांची हकीगत

२००३ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यात चार वर्षांच्या एका मुलाला पोटदुखी व उलट्या सुरू झाल्या. क्ष-किरण चित्रात पोटात एक धातूची वस्तू दिसली. ते नाणे टाकल्यावर यंत्रातून मिळणारे खेळण्यातले पदक होते. त्यात सुमारे ३९ टक्के शिसे निघाले. मुलाच्या १०० मिलिलिटर रक्तात १२३ मायक्रोग्रॅम शिसे होते. पदक बाहेर काढले, उपचार झाले व मूल वाचले. पुढे २००४ च्या जुलै महिन्यात अशा यंत्रांतून विकलेले खेळण्यातील अलंकारांचे १५ कोटी नग परत मागविण्यात आले. ते अलंकार भारतात तयार झालेले होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दुसऱ्या मुलाचे दैव तसे नव्हते. २००६ च्या फेब्रुवारीत मिनियापोलिस शहरात चार वर्षांच्या एका मुलाला उलट्या होऊ लागल्या. पोटाचा साधा विकार समजून त्याला घरी पाठविण्यात आले. दोन दिवसांनी त्याला पुन्हा रुग्णालयात आणले. पोटात बदामाच्या आकाराचे एक पदक सापडले. बुटांच्या जोडीबरोबर फुकट मिळालेल्या साखळीचे ते पदक होते, आणि ते बूटही त्या मुलाचे नव्हते, दुसऱ्याच्या घरातील मुलाचे होते. पदकात ९९ टक्के शिसे होते आणि मुलाच्या रक्तातील शिसे १८० मायक्रोग्रॅमपर्यंत चढले होते. मेंदूला सूज येऊन ते मूल दगावले.

गिळलेले शिसे जठरातील आम्लात हळूहळू विरघळते. म्हणूनच “पोटात गेले आहे, शौचावाटे पडून जाईल” असे म्हणून अशा वस्तूंची वाट पाहणे घातक ठरू शकते.

वस्तू गिळलीच पाहिजे असेही नाही. २००९ साली न्यूयॉर्क शहरात एक वर्षाच्या एका बाळाच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. घरातील रंग वगैरे पाहून उलगडा होईना. शेवटी बाळाच्या गळ्यात बांधलेला, मायदेश कंबोडियातून आणलेला ताईत तपासला, तेव्हा त्याच्या मण्यांत सुमारे ४५ टक्के शिसे सापडले. बाळ तो ताईत चोखत असे. तो काढून ठेवल्यावर रक्तातील शिसे कमी होत गेले. बाळाचे रक्षण व्हावे म्हणून आईबापांनी प्रेमाने बांधलेली वस्तूच त्याला अपाय करीत होती.

शिक्षकांच्या साक्षीने लागलेला शोध

वरील घटनांत मुले उघडपणे आजारी पडली. पण ज्या मुलाच्या शरीरात शिसे थोडे थोडे जाते, त्याचे काय? असे मूल शाळेत येते, खेळते, जेवते. बाहेरून काहीच दिसत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शिक्षकांचा मोठा वाटा आहे. हर्बर्ट नीडलमन या वैद्याने बोस्टनजवळच्या चेल्सी व सॉमरव्हिल या गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमविले. दातांत शिसे साठून राहते, म्हणून दात म्हणजे लहानपणीच्या शिशाची नोंदवहीच. दुसरीकडे, दोन हजारांहून अधिक मुलांविषयी त्यांच्या वर्गशिक्षकांकडून साधी प्रश्नावली भरून घेतली. मुलाचे लक्ष चटकन विचलित होते काय? हाती घेतलेले काम ते पुरे करते काय? साध्या सूचना त्याला पाळता येतात काय? कोणत्या मुलाच्या दातांत किती शिसे आहे, हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातांतील शिशाचे प्रमाण जसजसे वाढत गेले, तसतशी शिक्षकांनी नोंदविलेली उणीवही पायरीपायरीने वाढत गेली होती. बुद्धिमापन चाचणीतही अधिक शिसे असलेल्या गटाचा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे ४ गुणांनी कमी भरला. ११ वर्षांनी त्यांतील काही मुलांचा पुन्हा शोध घेतला. तेव्हा अधिक शिसे असलेल्यांत माध्यमिक शाळा अर्धवट सोडण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली.

या संशोधनातून प्रत्येक शिक्षकाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. “लक्ष देत नाही”, “आळशी आहे”, “डोक्यात शिरत नाही” असे ज्यांच्याविषयी आपण सहज बोलून जातो, त्यांतील काहींच्या बाबतीत दोष मुलाच्या स्वभावात नसून त्याच्या शरीरात शिरलेल्या विषात असू शकतो. परंतु याचा उलट अर्थही घेऊ नये. अवधान कमी असण्याची कारणे उपासमार, रक्तक्षय, कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप, घरातील कलह अशी कितीतरी आहेत. केवळ वर्तनावरून कोणत्याही मुलाला शिशाची बाधा झाली असे ठरवू नये. ते रक्ततपासणीनेच समजते.

हे ज्ञान फार नवे आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ सालीच दाखवून दिले होते, की व्हरांड्याच्या कठड्यांना दिलेला शिशाचा रंग मुलांच्या हातांवाटे तोंडात जातो आणि तेच त्यांच्या विषबाधेचे कारण होय. तरीही घरांच्या रंगातून शिसे काढून टाकण्यास अनेक देशांना पाऊण शतक लागले. ज्ञान होणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत केवढे अंतर पडते, हे यावरून दिसते.

कायदा काय सांगतो?

२००७ साली शिसेयुक्त रंगामुळे एका प्रसिद्ध कंपनीची लाखो खेळणी अनेक देशांतून परत घ्यावी लागली. त्यानंतर २००८ साली अमेरिकेने कायदा कडक केला. परंतु शिशावर बंदी येताच काही उत्पादकांनी स्वस्त अलंकारांत कॅडमियम वापरण्यास आरंभ केला, असे २०१० साली उघडकीस आले. एक दार लावले की दुसरे उघडते, हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम २०१६ साली झाला व तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. खेळण्यांसाठी २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश असून तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह असणे आवश्यक आहे. खेळण्याचा नमुना शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास ठेवून त्यातून किती धातू बाहेर पडतो हे मोजले जाते. हा जणू कृत्रिम जठराचा प्रयोगच होय. दर किलोग्रॅममागे शिसे ९० मिलिग्रॅम, कॅडमियम ७५, पारा ६० व आर्सेनिक २५ मिलिग्रॅम यांहून अधिक बाहेर पडता कामा नये.

नोंदणीकृत हस्तकारागिरांना व भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना या आदेशातून सवलत आहे. म्हणून एखाद्या कारागिराच्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नाही, एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही, कारागिराला “रंग कोणता वापरता?” असे विचारावे. उलट जत्रेतील माळा-अंगठ्यांवर असे चिन्ह सहसा आढळत नाही. तेथे सावधगिरी हाच कायदा.

आपल्या परिसरातील काही वस्तू

पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आहे. गवयाला शेंदूर खाऊ घालून त्याचा आवाज घालविल्याच्या गोष्टी खेड्यापाड्यांतून ऐकावयास मिळतात. शेंदूर पोटात जाणे वाईट, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे. देवदर्शनाला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. शेंदराचा हात धुतल्याखेरीज मुलांनी प्रसाद खाऊ नये, एवढेच सांगावे. काही प्रकारचा सुरमा हा शिशाच्या खनिजाची पूड असतो. तो बाळाच्या डोळ्यांत घालू नये. कोकणात मासेमारीच्या जाळ्यांना लावलेली शिशाची वजने मुले खेळावयास घेतात, दातांनी चावून दाबतात. ती त्यांच्या हाती देऊ नयेत. लहान बाळाच्या गळ्यात वा मनगटात बांधलेले धातूचे मणी, पदके व ताईत त्याच्या तोंडापर्यंत पोहोचणार नाहीत, असे पाहावे.

एका गैरसमजाचाही उलगडा केला पाहिजे. शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्या गाभ्यात ग्रॅफाइट म्हणजे कार्बन व माती असते. ग्रॅफाइटला पूर्वी चुकून शिशाचा प्रकार मानीत, त्यावरून हे नाव पडले. पेन्सिलीचे टोक लागले म्हणून शिशाची बाधा होत नाही. मात्र पेन्सिलीवरील बाहेरचा रंग चावण्याची सवय मोडावी हेच बरे.

शाळेत काय करता येईल?

(१) शाळेतील व अंगणवाडीतील खेळण्यांची पाहणी करावी. रंगाचे पोपडे निघालेली, मुलामा उडालेली, चिकट वा भुकटी सुटलेली खेळणी बाजूला काढावीत. ती जाळू नयेत. धुरातून व राखेतून विष पसरते.

(२) नवीन खेळणी घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहावे व पावती घ्यावी. घसरगुंडी, झोपाळे, बाके व खिडक्या यांसाठी डब्यावर शिसेविरहित असल्याचा उल्लेख असलेला रंगच मागावा.

(३) जुना रंग कोरडा खरवडू नये. पृष्ठभाग ओला करून, मुले शाळेत नसताना काम करावे व नंतर जमीन ओल्या फडक्याने पुसावी. झाडूने धूळ उडवू नये.

(४) शालेय पोषण आहारापूर्वी साबणाने हात धुण्याचा नेम कटाक्षाने पाळावा. हातांवाटे होणाऱ्या शिशाच्या बाधेवर याहून स्वस्त उपाय नाही.

(५) नाचणी, तीळ, दूध, पालेभाज्या, डाळी यांचे महत्त्व पालकांना सांगावे व लोहाच्या साप्ताहिक गोळीत खंड पडू देऊ नये. लोह व कॅल्शियम पुरेसे मिळालेल्या मुलाच्या शरीरात शिसे कमी शिरते.

(६) मुलाने धातूची वस्तू गिळल्याचे समजताच त्याला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे, आणि शक्य असल्यास तशीच दुसरी वस्तू सोबत न्यावी. मीठपाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये.

(७) सतत पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकटपणा व अभ्यासातील उतार एकत्र दिसल्यास, किंवा घरी बॅटऱ्यांचे वा धातू वितळविण्याचे काम चालत असल्यास, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला त्या मुलाविषयी स्वतंत्रपणे सांगावे.

धातू ओळखण्याची खात्रीची घरगुती कसोटी नाही. शुद्ध शिसे कागदावर घासले तर करडी रेघ उमटते व वस्तू आकाराच्या मानाने फार जड लागते, हे खरे. पण मुलामा दिलेल्या वस्तूची, रंगाची वा कॅडमियमची परीक्षा अशी होत नाही. रेघ उमटली नाही म्हणून वस्तू निर्धोक समजू नये.

एका पाठाचे टाचण

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात हा विषय एका तासात घेता येतो. रांगोळी किंवा खडूची रंगीत भुकटी एका चेंडूला लावून तो वर्गात हातोहात फिरवावा. मग मुलांनी आपले हात, ओठ, वही व डबा पाहावा. रंग कोठे कोठे गेला, याची यादी फळ्यावर करावी. “हा रंग डोळ्यांना दिसतो. न दिसणारा असता तर?” हा एकच प्रश्न पुरेसा आहे. शेवटी मुलांनी घरून एक नियम ठरवून आणावा : धाकट्या भावंडाच्या तोंडात कोणती वस्तू जाऊ द्यावयाची नाही.

पालकसभेत बोलताना दोष देण्याचा सूर असू नये. मजुरीच्या पैशांतून बापाने लेकीसाठी आणलेली दहा रुपयांची माळ ही प्रेमाची वस्तू आहे. तिची टिंगल झाली, तर पुढचे कोणी ऐकणार नाही. माळ मोठ्या मुलीने सणाला घालावी, पण बाळाच्या हाती देऊ नये व तोंडात घालू नये, एवढे समजावून सांगितले तरी पुष्कळ काम होते.

शिशाने मेंदूचे केलेले नुकसान औषधाने भरून निघत नाही. रक्तातील शिसे फार वाढले असता ते बाहेर काढण्याची औषधे आहेत, परंतु गमावलेली आकलनशक्ती ती परत आणीत नाहीत. म्हणून या बाबतीत बाधा होण्यापूर्वीच ती टाळणे हा खरा उपाय होय. बोस्टनजवळच्या वर्गशिक्षकांनी प्रामाणिकपणे भरलेल्या प्रश्नावलीमुळे जगाला एक महत्त्वाचे सत्य समजले. आपल्या खेड्यातील शाळेत रक्त तपासण्याचे साधन नसेल. परंतु मुलाच्या तोंडात काय आहे हे पाहणारी दृष्टी आणि मागे पडलेल्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी कारण शोधणारी बुद्धी शिक्षकांपाशी आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी “तोंडातले काढ” असे सांगून झाल्यावर तीच वस्तू हातात घेऊन वर्गाला दोन मिनिटे समजावून सांगावे. एवढ्यानेही एखाद्या मुलाचे पुढील आयुष्य वाचू शकेल.